खडकाशी बोलायचं राहिलं

बाबा, आज धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीनं मला विचारलं, की मोशे एवढा देवाचा माणूस, सगळ्या लोकांना गुलामीतून सोडवून एवढ्या लांब घेऊन आला, मग त्यालाच वचनाच्या देशात पाऊल का टाकू दिलं नाही? मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. उत्तर मला येत होतं, कारण ते तुम्ही मला दिलेलं आहे. पण ते नीट सांगायचं तर आपल्या घरातलं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. घरी आले, कशीबशी जेवले, आणि आता हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. तरी मधूनच, अंगणात कुणी प्लास्टिकचा कॅन टेकवला की मी वळून बघते.

तुम्ही आठवडाभर सांडोरच्या मराठी शाळेत शिकवायचात आणि रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की देवळाच्या बाजूच्या पडवीत आमचा वर्ग घ्यायचात. शाळेतले तुम्ही कडक होतात, पडवीतले तुम्ही वेगळे. मिसर देशातल्या विटा, फारोचे मुकादम, दुभंगलेला समुद्र, हे सगळं तुम्ही असं सांगायचात, की ते लोक पापडीच्या बाजारातून चालत आपल्याकडेच येत आहेत असं वाटावं. पण तुमचा जीव त्या समुद्रात नव्हता, तो पुढच्या वाळवंटात होता. तुम्ही म्हणायचात, गुलामीतून बाहेर काढणं देवाचं काम, ते त्यानं केलं. त्यानंतर देवाची प्रजा म्हणून रोज कसं वागायचं, ते या लोकांना वाळवंटात शिकायचं होतं आणि तिथंच त्यांची खरी परीक्षा होती. आणि मग मान्नाची गोष्ट. आकाशातून पडणारी ती भाकर रोज सकाळी गरजेपुरती वेचायची. ज्यांनी हावरेपणानं जास्त साठवली, त्यांच्या भांड्यात किडे पडले.

मी सातवीत होते त्या उन्हाळ्यात आपल्या विहिरीवर पाणी भरून न्यायला टँकर यायला लागले. विहीर तुमची आणि काकांची सामाईक. काका तुमचे थोरले भाऊ, त्यांना पगार नव्हता, केळीची बाग आणि भाजीपाला एवढ्यावर घर. स्टेशनच्या बाजूला नवीन बिल्डिंगा उठत होत्या आणि तिथल्या नळांना पाणी नव्हतं, म्हणून टँकरवाले आपल्या हिरव्या गावांत विहिरी शोधत फिरायचे. तुम्ही नाही म्हणालात. काकांनी हो म्हटलं. अर्धी विहीर त्यांचीच, त्यांना कसं अडवणार? पंप दिवसभर चालायचा. आधी पाटाचं पाणी केळीच्या मुळाशी पोचायला वेळ लागायला लागला, मग एक दिवस विहिरीच्या तळाची ती काळी कातळाची कड दिसली, जी आजीनंसुद्धा कधी बघितली नव्हती म्हणे.

त्याच दिवसांतल्या एका रविवारी तुम्ही मान्ना शिकवलात. मी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी काकांची धाकटी मुलगी, तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. किड्यांपर्यंत तुम्ही आलात तेव्हा तुमचा आवाज चढला होता. मला तो अजून ऐकू येतो. माझ्या चुलतबहिणीनं हात वर केला आणि विचारलं, "मग आमच्या विहिरीत पण किडे पडणार?" पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही "नाही गं" असंही म्हणाला नाहीत. नुसतं पुढचं शिकवायला लागलात.

तिनं घरी जाऊन सांगितलं. दुपारी काका आपल्या अंगणात उभे, पायात चप्पल नाही.

"धाकल्या, माझ्यावर राग आहे तर माझ्यासमोर ये. माझ्या पोरीच्या कानात घालून मला मारतोस?"

"दादा, मी तुझं नाव घेतलं नाही."

"नाव घ्यायला लागतं? टँकर कुणाच्या दारात उभा असतो ते गावाला दिसत नाही का?"

"देवानं दिलेलं पाणी आहे. तहानेल्याला दे की. विकू नकोस."

"तुला महिन्याच्या महिन्याला सरकार देतं. मला कोण देतं? आणि त्या बिल्डिंगांतली माणसं, ती पाण्यासाठी भांडी घेऊन उभी असतात, ती देवाची नाहीत?"

आई दारात उभी होती, तिनं काकांना आत यायला सांगितलं, चहा टाकते म्हणाली. काका आले नाहीत. त्यानंतर ते आपल्या अंगणात कधीच आले नाहीत.

पुढच्या वर्षी विहिरीचं पाणी मचूळ झालं. एकदम नाही. आधी डाळ शिजेना, मग चहातलं दूध नासायला लागलं, आई म्हणायची भांडं खराब असेल. मग केळीची पानं कडेनं करपायला लागली, जणू कुणी प्रत्येक पानाच्या काठावरून निखारा फिरवला आहे. समुद्राचं पाणी जमिनीखालून आत आलं होतं. टँकरवाले चाखून बघायचे, थुंकायचे, आणि एक दिवस यायचे बंद झाले. आपल्या बागेसारखीच काकांचीही बाग गेली. विहीर मध्ये, तिच्या दोन्ही बाजूंना तुम्ही दोघे भाऊ आपापल्या वाळलेल्या केळी तोडत होतात, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आणि मग ती सकाळ. तुम्ही वर्गात मारा नावाच्या जागेची गोष्ट सांगितली होती, तिथलं पाणी कडू होतं, मोशेनं देवाच्या सांगण्यावरून एक झाड पाण्यात टाकलं आणि पाणी गोड झालं. काकांनी पोरीला वर्गाला यायची मनाई केली होती, पण ती पडवीच्या खांबाआड बसून ऐकायची, तुम्हालाही ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते आणि ती दिसली, शेवग्याची फांदी ओढत ओढत विहिरीवर आणलेली. तिच्यापेक्षा फांदी मोठी. तिनं ती आत ढकलली. मग दोरीला बांधलेली बादली सोडली, वर काढली, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं पुन्हा बादली सोडली, पुन्हा प्यायली. तुम्ही शाळेला निघाला होतात, हातात पिशवी. तुम्ही तिथंच उभे राहिलात. ती तुमच्याकडे वळून म्हणाली, "काका, थोडं गोड झालंय. थोडंसंच." आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या दिवशी तुम्ही शाळेत गेला नाहीत. रस्त्यापलीकडे आजोबांच्या वेळचं बावखल होतं, आपलं ते लहानसं तळं, वर्षानुवर्षं शेवाळ आणि पाला साचून पडलेलं. तुम्ही शर्ट काढून त्यात उतरलात. कित्येक दिवस तुम्ही शाळेतून आलात की आत उतरत होतात. शेवटी काठाजवळच्या वाळूत तुम्ही एक झिरा, पाझराचा खड्डा, खणलात आणि त्यातलं पाणी गोड निघालं. पहिला कॅन भरलात तो आपल्या घरी आणलाच नाहीत. सरळ काकांच्या दारात नेऊन ठेवलात. काकीनं उचलून आत घेतला. काका ओटीवर बसले होते, त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ज्यांना हवं त्यांना त्या झिऱ्यावरून पाणी नेऊ दिलंत तुम्ही. बिल्डिंगांतल्या बायका सायकलवर कळश्या बांधून यायच्या, त्यांतली एक घाटावरची बाई मला नेहमी विचारायची, "तुमचे वडील एवढे गप्प का असतात गं?" काकांनी पुढं बागेची जागा बिल्डरला दिली, तिथं चार मजली इमारत उभी राहिली आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांना घर मिळालं. तिथल्या नळाला टँकरचं पाणी. तुम्ही रोज संध्याकाळी कॅन घेऊन तिसरा मजला चढायचात. कधी मी बरोबर असायचे. काकी दार उघडते, तुम्ही कॅन मोरीपाशी ठेवता, दाराजवळच्या खुर्चीवर धाप ओसरेपर्यंत बसता. काका आतल्या पलंगावर, पाठ आपल्याकडे. कुणी बोलत नाही. मग तुम्ही कालचा रिकामा कॅन उचलता आणि आपण उतरतो. वर्षामागून वर्षं हेच. पुढं काकांना अर्धांगाचा झटका आला, एक हात गेला, तरी पाठ फिरवायची ताकद त्यांच्यात राहिली.

मधल्या काळात तुमच्या वर्गात एक बदल झाला होता. तुम्ही समुद्र ओलांडेपर्यंतच शिकवायचात. पुढचं फादरांकडे सोपवायचात. मी कॉलेजात असताना एकदा जिन्यावरून उतरताना तुम्हाला विचारलं, की तुमचा जीव तर वाळवंटात होता, मग आता तिथं का जात नाही? तुम्ही एका पायरीवर थांबलात. कॅन दुसऱ्या हातात घेतलात.

"लोक तहानेले होते, तेव्हा मोशेला देवानं खडकाशी बोलायला सांगितलं होतं, की तो पाणी देईल. त्यानं रागानं काठी मारली. पाणी आलं, लोक प्यायले, सगळ्यांचं भागलं. पण त्याला वचनाच्या देशात आत जाता आलं नाही."

"म्हणजे?"

"मला पण बोलायला सांगितलं होतं. शेजारीच राहत होता तो. चार पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, दादा, चल बसू, काहीतरी मार्ग काढू. मी देवाचा शब्द उचलला आणि भावाला मारला. तोही पोरीच्या हातून."

"मग आता बोला ना, बाबा. वरच आहेत ते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि उतरायला लागलात. तुमचे खांदे मला तेव्हा पहिल्यांदा म्हाताऱ्याचे दिसले. त्यानंतरही तुम्ही रोज वर गेलात, आणि एकदाही बोलला नाहीत.

तुम्ही गेलात ते एका सकाळी, मिस्साहून येऊन, बूट काढता काढता. तुमची अंत्ययात्रा देवळाकडे जाताना त्या इमारतीखालून गेली. मी मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचं दार बंद होतं.

कॅन मग मी नेऊ लागले. तोवर गावात सरकारी नळ आला होता, काकी म्हणायची आता गरज नाही गं पोरी, पण माझे पाय वळायचे. काकांच्या आठवणी विस्कटत चालल्या होत्या. एका संध्याकाळी मी नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. काकी खाली दुकानात गेलेली. पलंगावर हालचाल झाली. काका कुशीवर वळत होते, चांगल्या हातानं गादी धरून, खूप वेळ घेत. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी त्या खोलीत पहिल्यांदा समोरून बघितला. ते माझ्याकडे, म्हणजे खुर्चीकडे बघत होते.

"धाकल्या," ते म्हणाले, "आलास?"

मी मागं वळून पाहिलं, बाबा. खरंच पाहिलं. मागं फक्त दार होतं आणि जिना.

"रोज येतोस. रोज पाणी ठेवतोस आणि गप्प बसतोस. मला वाटायचं, माझ्या तोंडावर मारतोयस तू. रोज एक फटका." त्यांचं वाकडं झालेलं तोंड थरथरत होतं. "पितो मी ते. काय करू? गोड लागतं." मग त्यांनी गादी पुन्हा घट्ट धरली. "एकदा खरं सांग. राग आहे अजून?"

मी म्हणू शकले असते, काका, मी आहे, बाबा नाहीत आता. पण ते इतकी वर्षं घालवून वळले होते. मी खुर्चीतून उठले नाही. आवाज जाड करायचाही प्रयत्न केला नाही, नुसतं म्हणाले, "नाही, दादा."

त्यांनी डोळे मिटले. कानाकडे ओघळलेलं पाणी पुसायला त्यांचा हात पोचत नव्हता, ते मी पुसलं. काही महिन्यांनी ते गेले, आणि त्या अवधीत त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं नाही. धाकल्याला राग नाही, असं ते काकीला सांगत राहिले. काकी म्हणते, देवानं शेवट गोड केला. माझी चुलतबहीण परदेशातून फोनवर रडत म्हणाली, तुझ्या बाबांनी माफ केलं होतं म्हणून माझे बाबा शांत गेले. मी हो म्हटलं.

पण रोज तो जिना तुम्ही मायेनं चढत होतात की अजून काठीच मारत होतात, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि काकांना जे वाटलं ते अगदीच खोटं होतं असं माझ्या जिभेवर येत नाही. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. देवाची प्रजा म्हणून चालणं म्हणजे हेच असेल, की पाय खरे असतात आणि मन मागं राहिलेलं असतं. पुढच्या रविवारी त्या मुलीला मी खडकाची गोष्ट सांगेन. ही नाही सांगणार. हे कागदही दिवेलागणीच्या आत चुलीत जातील, कारण काकी अजून आहे आणि तिला वाचता येतं.

फक्त तुम्हाला सांगते. मी "नाही, दादा" म्हणाले तेव्हा तुमच्याबद्दल मला काहीच खात्री नव्हती, बाबा. मला फक्त काकांची कीव आली होती.