आईचा गणिताचा पेपर

रनाळे, १४ जून

प्रिय काजल,

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगते. यंदा मी दहावीला बसले होते. नववीनंतर सुटलेली शाळा मनातून काही सुटत नव्हती, म्हणून बाहेरून फॉर्म भरला. तुझे पप्पा आधी हसलेच. म्हणाले, "आते या वयात तुले काय कामनं शे गणित?" पण परीक्षेला नंदुरबारला गाडीवर तेच सोडायला यायचे, पेपर सुटेपर्यंत झाडाखाली थांबायचे.

बाकी विषय निभले गं, गणितानं मात्र रडवलं. एक्स आणि वाय एकत्र दिसले की मी वही मिटून टाकायचे. शेजारच्या अकिलाभाभींची इरमही यंदा दहावीला. शाळेतून आली की आमच्या ओट्यावर मिरचीचे देठ खुडता खुडता ती मला शिकवायची. एकदा मी पेन फेकून दिला आणि डोळे पुसले. वर मिरचीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "चाची, दोन्हीले एकदम नका धरू. पह्यले एकले काढा."

मग तिनं गणित घातलं. आई आणि मुलीच्या वयांची बेरीज साठ, वजाबाकी बावीस. दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहून मिळवली, तसा वाय उडाला. दोन एक्स ब्याऐंशी, म्हणजे एक्स एकेचाळीस. तो पहिल्या समीकरणात ठेवला, वाय आला एकोणीस. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, या तर तू आणि मी! उत्तर मला माहीतच होतं, पण स्वतःच्या हातानं काढलं तेव्हा ऊर भरून आला.

पेपरात असंच गणित आलं. ताळा करून पाहिला तर जुळेना. मग एकेक ओळ वरून तपासली, तर एक वजाचं चिन्ह लिहायचंच राहिलं होतं. ते घातलं आणि पुन्हा सोडवलं. काजल, मी पास झाले! गणितातसुद्धा, आणि काठावर नाही हं. इरमला तर माझ्याहून जास्त आनंद झाला.

काल पप्पांना तुझा फोन आला, तेव्हा तो स्पीकरवर होता आणि मी दाराशीच होते. पहिल्या वर्षाचं गणित राहिलं, बॅग भरलीय, कॉलेज सोडून घरी येते, आईला सांगू नका, असं तू म्हणालीस ना? मला राग आलेला नाही. आपण दोघींनी एकमेकींपासून लपवलं, फिटंफाट झाली. शनिवारी मी एकटीच एसटीनं नाशिकला येतेय. तो पेपर काढून ठेव आणि मला समजावून सांग. मला त्यातलं काही कळणार नाही, सारखं "असं का?" विचारत राहीन. सांगता सांगता तू कुठे अडतेस ते तुलाच सापडेल. तोवर भरलेली बॅग रिकामी कर. माझे कपडे ठेवायला जागा लागेल.

तुझीच,
आई