विहिरीकडचा वाफा

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, शिक्षण बी.एस्सी., घरातली पहिली पदवीधर (याचा इथे संबंध नाही, पण आई म्हणाली, "तेवढं लिहीच"), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. "गोळ्या खाणारी पोर, गुंगीत काहीबाही लिहून गेली" असं पुढे कोणी म्हणू नये म्हणून कालपासून मी दुखण्यावरचं इंजेक्शन घेतलेलं नाही. वॉर्डच्या सिस्टरना हे माहीत आहे. दुखतं आहे, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. डोकं ठिकाणावर आहे.

माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. डायलिसिसला टोचायला आता शीर सापडत नाही आणि हृदयही थकलं आहे. डॉक्टर आधी वर्षांच्या गोष्टी करायचे, मग महिन्यांच्या; आता माझ्याशी हवापाण्याच्या करतात आणि आईशी बाहेर नेऊन बोलतात. म्हणून ही घाई.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाईंनी करावी. बाई म्हणजे खाणीमागे नशा सोडणाऱ्यांची भाजीबाग चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्या कडक आहेत, आणि रडणाऱ्या माणसाच्या हातात रुमालाऐवजी खुरपं देतात. या कामाला तसंच माणूस हवं.

कलम २. बँकेतली शिल्लक, कानातले आणि शिलाई मशीन आईचं. पैसे आईने स्वतः काढावेत. "मी आणून देतो, तू कशाला रांगेत उभी राहतेस" असं बाबा म्हणाले, तरी तिने रांगेतच उभं राहावं. पदवीचं प्रमाणपत्रही तिचंच. त्याची काच ती रोज पुसते. वाचता येत नाही, पण माझं नाव कुठल्या ओळीत आहे ते शेजारणींना बरोबर बोट ठेवून दाखवते.

कलम ३. सायकल, पुस्तकं आणि चालायचे बूट धाकट्या बहिणीला. मी जेवताना शाकाहारावर जी भाषणं ठोकली ती तिने विसरावीत. ("ताई, तुझा कोबी पचतो गं, भाषण पचत नाही.") काय खायचं ते तिने ठरवावं. पण पहाटे खाणीमागच्या झाडीतून चालायला जावं, कानात गाणी न घालता. सुरुवातीला फार कंटाळा येतो. मला तर पानांच्या आवाजाचासुद्धा राग यायचा. मग एके दिवशी आपण चिडलेलो नाही हे चालता चालता लक्षात येतं, आणि त्या दिवसासाठी बाकीचे दिवस चालायचं असतं.

कलम ४. टेबलावरचा दिवा आत्याला. "शिकून काय दिवे लावलेस?" असं तिने भर लग्नात विचारलं होतं. हा एक लावावा.

कलम ५. पदवीनंतर मी ज्या औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहत असे, त्या दुकानाच्या मालकांबद्दल. मी स्टूल मागितलं तेव्हा ते म्हणाले, "बसलेल्या माणसाकडे गिऱ्हाईक येत नाही." दिवसभर उभं राहून माझी कंबर दुखायला लागली. जादा वेळेचे पैसे मागितले की दुखण्यावरच्या गोळ्यांची स्ट्रिप पुढे सरकवायचे. "घे, बरं वाटेल. घरचंच दुकान आहे." बरं वाटायचं. पुढे कंबर दुखत नसली तरी घ्यायला लागले, आणि शेवटी बरं वाटणं संपलं, घेणं तेवढं उरलं. हात कापायला लागले तेव्हा त्यांनीच काढून टाकलं, "असली माणसं औषधाच्या दुकानात चालत नाहीत" म्हणत. त्यांच्या स्ट्रिपांपैकी एक, न फोडलेली, माझ्या बियांच्या डब्यात तळाशी आहे. बाईंनी ती भर गर्दीत त्यांच्या काउंटरवर ठेवावी आणि "तुमच्याकडच्या मुलीने परत दिली आहे" एवढंच म्हणावं. तिची मुदत संपली आहे. माझ्याआधी संपली, याचं समाधान आहे.

कलम ६. बागेतला विहिरीकडचा वाफा. माझ्याकडे देण्यासारखं खरं तर एवढंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंनी फाटकातूनच परत लावलं. "आधी हॉस्पिटलात जा. एकदम सोडलंस तर झेपणार नाही. माझ्याकडे खुरपी आहेत, सलाईन नाही." त्या हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा मूत्रपिंडं गोळ्यांनी बरीचशी गेलेली होती. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण "पाला खाऊन पोर मेली" असं आमच्याकडे आताच बोललं जातं. बागेत पाऊल टाकण्याआधीच माझं नुकसान झालेलं होतं. बागेने गोळ्या सोडवल्या. मूत्रपिंड परत देते असं बागेत कोणी कधी म्हटलं नाही.

बागेचे नियम दोन. इथल्या हातांनी पिकलं नाही ते इथल्या ताटात नाही, म्हणून ताटात फक्त भाज्या, शेंगा, कंद, फळं. दुसरा नियम कठीण: आपल्या वाफ्यातलं आपण खायचं नाही. प्रत्येक वाफ्याचा खाणारा दुसराच असतो. व्यसनी माणूस स्वतःसाठी अंथरुणातून उठत नाही, हे बाईंना माहीत होतं.

माझ्या वाफ्याचे खाणारे हॉर्नमामा. ते ट्रक चालवायचे, दारूपायी लायसन्स गेलं, आवाज मात्र तेवढाच राहिला. एकदा मी पुन्हा घसरले. कुठून गोळ्या मिळवल्या ते लिहीत नाही. बागेतल्या खोलीचं दार लावून पडून राहिले. मामा रिकामं ताट घेऊन दाराबाहेर बसले. लोकांनी आपलं देऊ केलं, ते घेईनात.

"पोरी, मुळा तरी उपट!"

"मामा, जा ना. दुसऱ्याचं खा."

"माझं ताट तुझ्याकडे आहे. दुसऱ्याचं कसं खाऊ? हे काय हॉटेल आहे?"

दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होते, आणि आता ओरडत नव्हते. त्या गप्प बसण्याला घाबरून मी उठले. भिंत धरत वाफ्याशी गेले आणि मुळे उपटले. त्यानंतर गोळी घेतलेली नाही. पुढे एका सकाळी शेजारच्या वाफ्यातला कच्चा मटार तोंडात टाकला आणि तो गोड लागला. कितीतरी दिवसांत जिभेला काही लागलंच नव्हतं. तिथेच मातीत बसून मी रडले. बाईंनी खुरपं दिलं.

आता डॉक्टरांनी पालक, टोमॅटो, बटाटा, केळं सगळं बंद केलं आहे. त्यातले क्षार माझ्या रक्तातून बाहेर पडत नाहीत. बाबा हसले होते. "पाला खाऊन सुटलीस, आता पालाच बंद. देवाला पण विनोद सुचतात." मला त्याचं फार वाटलं नाही. माझ्या वाफ्यातलं मी तसंही खात नव्हते. अंगात बळ होतं तोवर वाफा हिरवा ठेवला.

हा वाफा मी बाबांना देत आहे.

बाबा घरं रंगवतात. कितीही उंच शिडीवर त्यांची रेघ हलत नाही, पण सकाळी पहिला घोट जाईपर्यंत चहाचा कप हलतो. "मी पीत नाही," ते म्हणतात, "रंगाचा वास उतरवतो." मला मूत्रपिंड देण्यासाठी आईची तपासणी झाली, तिचं जमेना. बाबांचं जुळलं. डॉक्टर म्हणाले, आधी दारू पूर्ण बंद, मग पुढचं बघू. बाबा तिथल्या तिथे माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आजपासून थेंब नाही." तपासणीच्या दिवशी ते आले, पण तोंडाला वास होता. डॉक्टरांनी दुसरी तारीख दिली. त्या तारखेला ते आलेच नाहीत.

मी माफ केलं असं लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. वाफा म्हणजे माफीनामा नव्हे. माझ्यासाठी त्यांना दारू सोडता आली नाही. एका परक्या म्हाताऱ्याच्या ताटासाठी कदाचित येईल. माझं तसंच झालं होतं, आणि मी त्यांचीच मुलगी आहे.

अटी: माझ्यानंतर पंधरवडाभर बाईंनी वाफा राखावा. बाबांनी आधी हॉस्पिटलात जावं, मग बागेत. न आल्यास वाफा रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यावा. आल्यावर पुन्हा प्यायले तर काढून घ्यावा, पण माझं नाव घेऊन त्यांना कोणी टोमणा मारू नये. मेलेली मुलगी हे प्यायला फार सोयीचं निमित्त आहे.

कलम ७. हॉर्नमामांना काही ठेवलेलं नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं अर्ज लिहून देणाऱ्या काकांनी सांगितलं आहे. केली तर त्याचा वाटा जातो.

पुढे वाद होऊ नये म्हणून सह्यांच्या वेळी झालेलं खाली लिहून ठेवते.

मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तपासणीचा भाग वाचताना बाबा खिडकीची चौकट बघत होते. तिचा रंग पोपडे धरून सुटला आहे. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मला काय येतं मातीतलं? मी पेंटर माणूस."

मी माझी सही केली. साक्षीदारांतली पहिली सही सिस्टरनी केली. हॉर्नमामा चष्मा शोधत होते, तेवढ्यात बाबा पुढे आले.

"दे इकडे. दुसरा साक्षीदार मी होतो."

आई म्हणाली, "अहो, आत्ता वाचलं ना तिने? तुमचा वाटा जाईल."

"ऐकलंय मी."

त्यांना सुटायचं होतं, एका सहीत. मला ते कळलं आणि त्यांना कळलं की मला कळलं. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. अडवलं नाही, ज्याला नको त्याच्या गळ्यात वाफा बांधून उपयोग नसतो. त्यांनी पेन धरलं. दुपार झाली होती, तरी हात कापत होता. म्हणजे सकाळपासून घेतलेली नव्हती. पेनाचं टोक कागदाला लागलं. तिथे निळा ठिपका आहे. तो बाबांचा आहे, सही नव्हे, त्याला सही समजू नये.

मग बाबांनी पेन खाटेवर ठेवलं.

"दुसऱ्या कोणाची घे," म्हणाले.

हॉर्नमामांनी पेन उचललं, एकेक अक्षर सुटं काढत सही केली आणि बाबांना म्हणाले, "मुळा तेवढा लावू नका. फार खाल्ला."

बाबा खोलीतून गेले नाहीत.

सह्या झाल्या. आता मी इंजेक्शन मागणार आहे.

ठिकाण : हॉस्पिटल, स्त्रियांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट
दिनांक : अकरा फेब्रुवारी, दुपार

(सही) मृत्युपत्र करणारी, आईबाबांची थोरली

साक्षीदार :
(सही) वॉर्डच्या सिस्टर
(सही) हॉर्नमामा, पूर्वीचे ट्रकचालक, विहिरीकडच्या वाफ्याचे खाणारे