ओढ्याच्या तोंडाशी

कोल्स लँडिंग,
२७ मे

प्रिय डेल,

तू बरा असशील. आम्हीही दोघी ठीक आहोत. यंदा नदीचं पाणी चर्चच्या पायरीला लागलं आणि ओसरलं. आईला आता उजेड-अंधार एवढंच कळतं. पण पाणी उतरल्याचं तिला वासावरून समजलं. "जा, भाजीला नेच्याचे कोंभ घेऊन ये," म्हणाली.

मी आधी तुझ्या कंपनीच्या सहलीला गेले. 'नदीकाठचं ऐतिहासिक गाव.' आपल्याच गावात पाहुणी होऊन फिरले. माहिती सांगणारी मुलगी बाहेरची होती, तिने मला ओळखलं नाही. तिने नावेचा जुना धक्का दाखवला, थडगी दाखवली, आपलं घर बाहेरून दाखवलं. खिडकीत आई बसली होती. मग आम्हाला होडीत बसवलं. होडी ओढ्याच्या तोंडाशी वळली तेव्हा मला कळलं, आपल्याच कोंभांच्या जागेवर चाललोय.

"नेच्याचे कोंभ खुडायची जागा इथे प्रत्येक घराचं गुपित असते," मुलगी म्हणाली. "आई पोरांपैकी एकालाच दाखवते."

"म्हणजे आता आपण सगळे वारस," एक टोपीवाला म्हणाला. सगळे हसले.

"मघाशी पाहिलेल्या घरातली म्हातारी म्हणायची, गड्ड्यावर निम्मे कोंभ ठेवा, नाहीतर तो रुसतो," मुलगी म्हणाली.

म्हणायची. डेल, हे वाक्य त्या मुलीला तूच दिलं असशील.

प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळाली. गड्डे आमच्याआधीच बोडके झाले होते. मी पिशवी रिकामीच परत दिली.

कोंभ दुकानातून आणले. नेहमीसारखे उकडले, वर लोणी आणि व्हिनेगर. आईने एक तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"कुठले गं हे?"

"आपलेच."

"व्हर्ना, डोळे गेलेत माझे. जीभ आहे अजून."

मग सांगितलं सगळं. गेल्या वर्षी तू आलास, "एकदा बघू दे ना, ताई," म्हणालास आणि मी तुला नेलं. तू फोटोसुद्धा काढला नाहीस. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

आई रागावली नाही. "ती जागा तशी बेताचीच," म्हणाली. दुसरी एक आहे, तिच्या आईची. इतकी वर्षं मी तिची होडी वल्हवली, पण ती मला कधी तिथे घेऊन गेली नाही.

"मला का नाही दाखवलीस?"

"तुझ्या पोटात काही राहत नाही. डेल समोर असला की मुळीच नाही."

"आता तरी सांग."

"तो येणार आहे का परत?"

जूनमध्ये येतोस असं तू कळवलंयस. येऊ नकोस. आई थकली आहे. तू येणार नाहीस याची खात्री पटली तरच ती सांगेल, नाहीतर ती जागा तिच्याबरोबर जाईल. तुझी खोली मी आवरली होती. आता तिथे सरपण ठेवलंय.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी तिला वाचून दाखवायचं आहे. तू आला असतास तर मला बरं वाटलं असतं, एवढं वाक्य सोडून.

व्हर्ना