कप्तानांची गाडी

ता. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले. सामान हरवणार हे तुझं भाकीत साफ खोटं ठरलं. सामान आलं, नवरा राहिला! बंदरावरच्या कचेरीत आपल्या पूलवाल्या इंजिनिअराच्या पासपोर्टावर कुठलासा शिक्का कमी निघाला. परकी मी, आणि अडकला तो, ज्याचा हा देश. आठवडाभर तरी तिथंच हेलपाटे घालावे लागतील म्हणाला. मग त्याने मला एकटीलाच आगगाडीत बसवलं आणि हातात एक चिठ्ठी दिली: ही अमक्यांची सून आहे, तमक्या स्टेशनवर उतरवा. मावशीकडे पाठवलेल्या पोरीसारखी निघाले. डब्यातल्या चौघांनी चिठ्ठी आळीपाळीने वाचली, माझ्याकडे आळीपाळीने बघितलं, आणि स्टेशन आल्यावर चौघांनी मिळून मला खाली उतरवलं. मला पाय होते हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सासरे स्टेशनवर ताठ उभे होते. चाळीस वर्षं बस चालवली, म्हणून सगळं गाव त्यांना कप्तान म्हणतं. डोक्यावर अजून तीच टोपी. सासूबाई त्यांच्या कोपरापर्यंत येतात, पण त्या शाळेत मास्तरीण होत्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. घरची गाडी म्हणजे राखाडी रंगाचा डबा, एका बाजूचा आरसा सुतळीने बांधलेला. आणि ताई, निघाल्यापासून घर येईपर्यंत बाईंनी कप्तानांची जी काही हजेरी घेतली! वीस मिनिटं तोंडाचा पट्टा चालू. मला भाषेचा गंध नाही, पण एक शब्द मात्र लख्ख कळला. दर थोड्या वेळाने त्या ओरडायच्या, "मेला! मेला!" म्हणजे नवऱ्याला मेला म्हणायची पद्धत सातासमुद्रापारही आहे म्हणायची. मला तर माहेरी आल्यासारखंच वाटलं. अधूनमधून मात्र एकदम काकुळतीने "सोना, सोना" म्हणत. भांडण आणि लाड एकाच दमात. असा संसार पाहिजे बघ.

घर छान आहे, नीटनेटकं. खुर्ची तसूभर हलवली तरी सासूबाई धावत येऊन जागेवर ठेवतात. मी त्यांचा एक झगा कमरेत बसवून दिला, तेव्हापासून आमचं टाचण्या आणि खाणाखुणांवर मस्त चाललंय.

अण्णांना नमस्कार सांग. दुकानातल्या माझ्या शिलाई मशीनवर कुणाला बसू देऊ नकोस. लोभ असू दे. नाहीच जमलं तर निदान पत्र असू दे.

तुझी,
धाकटी

---

ता. ११ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. नवरा विसरून सासरी गेलेली आपल्या घराण्यातली तू पहिलीच. 

इकडे तू पाठ फिरवलीस आणि चौथ्या दिवशी शाळेचे हेडमास्तर दुकानात हजर. बँडपथकाचे बारा कोट हवेत, उभ्या कॉलरचे, जूनच्या मध्यावर. मी हो म्हणून बसले. कोट तू शिवतेस, मी आपली शर्ट-परकरवाली, हे हेडमास्तर गेल्यावर आठवलं. पहिली कॉलर काल लावली. ती घालून पोराने बिगूल वाजवला तर सूर मानेतून निघेल.

अण्णा बरे आहेत. वर त्यांच्या खोलीत रेडिओ असतो आणि ते असतात. तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझ्या सासूबाई नवऱ्याला मेला म्हणतात हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसले, आणि तुमच्या आईला परदेशात पाठवायला हवी होती म्हणाले.  दुकानात या म्हटलं तर नेहमीसारखे कूस बदलून झोपल्यासारखं करतात.

तू तिकडेच रमशील की काय असं उगाच मनात येतं. पूलवाल्यांना म्हणावं, नदी इकडेही आहे. खाण्यापिण्याची हेळसांड नको. आशीर्वाद आहेतच, आणि कॉलरीबद्दलचे शिव्याशापही.

तुझी,
ताई

---

ता. १३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही, तरी हे लिहितेय. आधी हसण्यासारखं सांगते.

काल पूलवाला आला. मी स्टेशनवर चारचौघांत, इथल्या भाषेतल्या माझ्या गोड शब्दाने त्याला हाक मारली, "सोना!" तो दचकून आपल्या पायांकडे बघायला लागला. ताई, सोना म्हणजे खड्डा. या आठवडाभरात मी सासूबाईंना, शेजारणीला आणि पाववाल्याच्या बायकोला लाडाने खड्डा म्हणाले आहे. बिचाऱ्या प्रत्येक वेळी खाली बघायच्या. मला वाटायचं, लाजतात. आणि मेला म्हणजे डावीकडे. गाडीत आम्ही मागे बसलो, पुढे सासूबाईंचा पट्टा सुरू झाला, आणि पूलवाला माझ्या कानात एकेक शब्दाचा अर्थ सांगत होता. डावीकडे. खड्डा. आता सरळ. सायकल आहे. हळू. थांबा. माझ्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

आणि मग हसू एकदम थांबलंच. ज्याने या गावात चाळीस वर्षं बस हाकली, त्याला स्वतःच्या घराकडे डावीकडे वळायचं हे कुणी का सांगावं?

मग बाकीचं एकेक दिसायला लागलं. कप्तान चहा ओततात तेव्हा कपात बोट धरतात. फाटकाचे दोन्ही खांब सासूबाईंनी पांढऱ्या रंगाने रंगवलेत. खुर्च्या जागच्या हलत नाहीत. हे मी आठ दिवस बघत होते आणि टापटीप समजत होते. आपल्या घरी अण्णा सुई ओवायच्या आधी ती ओठाला लावून बघायचे, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पूलवाल्याने स्वयंपाकघरात आईला गाठलं. त्यांनी भांडी विसळता विसळता सगळं सांगितलं. तीन वर्षं झाली. नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हटलं, तर कप्तानांनी डॉक्टरच बंद केला. गाडी नसली की हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो, म्हणून मीच त्याचे डोळे झाले, म्हणाल्या. मुलाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती.

आता संकट असं की एक जूनला डोंगरापलीकडे जायचंय. पूलवाल्याची आत्या नव्वदीची आहे, तिला सून बघायची आहे. आठ तासांचा घाट. सकाळी-संध्याकाळी जाणारी एक बस होती, ती बंद झाली. कप्तान रोज नकाशा काढून बसतात, आणि मला बोटाने वळणं दाखवतात. बोट नदीत असतं. पूलवाल्याला गाडी येत नाही. पूल बांधेल, पण पुलावरून गाडी न्यायची तर दुसरा माणूस लागतो. तो आत्ताच किल्ली काढून घ्यायला निघाला होता, मी दंड धरून बसवला. का धरला ते मलाही नीट सांगता येत नाही.

डोळे अधू झाल्यावर अण्णांनी कसं वेळीच, आपणहून कात्री खाली ठेवली. यांना कोण सांगणार? तू मोठी आहेस, लगेच लिही.

तुझी काळजीत पडलेली,
धाकटी

---

ता. १७ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र आत्ता आलं, आत्ताच उत्तर लिहितेय. टपाल निघायला तास आहे.

अण्णांनी कात्री आपणहून ठेवली नाही. मी घेतली.

तू तेव्हा शिवणाच्या परीक्षेला गेली होतीस. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड त्यांनी तिसऱ्यांदा तिरकं कापलं. दुकानात पाचसहा माणसं होती. मला त्या कापडाचं इतकं वाईट वाटलं, की मी पुढे होऊन त्यांच्या हातातून कात्री ओढून घेतली आणि म्हटलं, आता पुरे अण्णा, वर जा. ते गेले. जिन्यावरून जाताना एका हाताने भिंत धरली होती, आणि कुणी हात दिला नाही, मीसुद्धा नाही. तू आल्यावर मी सांगितलं की थकले म्हणून थांबले. त्यांनीही माझी बाजू सांभाळली. तुला कधी काही बोलले नाहीत. सहा वर्षं झाली. मी तीन वेळच्या जेवणाचं ताट वर नेते आणि दर वेळी वाटतं, आज सांगावं की चुकलं. ताट ठेवून येते.

तू जावईबापूंचा दंड धरलास ते बरोबर केलंस. पण गाडी घाटात जाता कामा नये, हेही तितकंच खरं. माणूस मेला तर मान घेऊन काय करायचंय? तोवर चाकांची हवा सोड, काहीही कर. किल्ली मात्र हिसकावू नकोस. त्यांनी ती आपल्या हाताने द्यायला हवी. कसं, ते मला येत असतं तर मी इथे अशी बसले नसते.

कळव. वाट बघतेय.

तुझी,
ताई

---

ता. ५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे की सगळे सुखरूप आहोत. दुसरं, हवा मी तुझं पत्र यायच्या आधीच सोडली होती, दोन चाकांची. शेवटी बहिणी आहोत.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातल्या अण्णांबद्दल इथे काही लिहीत नाही, आल्यावर तुझ्या शेजारी बसून बोलेन. मी तुझ्यावर रागावलेली नाही एवढं आत्ताच ऐकून ठेव.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोपी घातलेल्या कप्तानांसमोर जाऊन उभी राहिले आणि पूलवाल्याकडून म्हणवलं, की मला गाडी शिकवा. दुकानाचा टेम्पो मी चालवते, पण इथे रस्त्याची बाजू उलटी, गिअरचा हात उलटा. आणि चाळीस वर्षांचा उस्ताद घरात असताना बाहेर कुणाकडे जाऊ? ते नाही म्हणाले. बायकांना शिकवत नाही म्हणाले. मुलाला शिकवलं होतं, त्याचं काय झालं बघ, असंही म्हणाले. मग मी गाडीत बसले, आणि मुद्दाम गिअर असा काही खरवडला की ते कुणी पाय तुडवल्यासारखे कळवळून उठले आणि शेजारी येऊन बसले.

जुन्या बस-आगाराच्या रिकाम्या मैदानात दहा दिवस शिकवणी झाली. दुभाषी म्हणून पूलवाला मागे. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला, कारण वडील माझ्यावर ओरडायचे आणि ते भाषांतर करून मग मी त्याच्यावर ओरडायचे. सासूबाई आल्या. त्यांनी भाषांतरच केलं नाही, नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवायच्या: दाबला की ब्रेक. ताई, कप्तानांचे कान काय आहेत! इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, गिअर बदल. टायरच्या आवाजावरून सांगायचे, वाळूवर आलीस. माझा क्लच सुधारला, इतकी वर्षं मी तो चुकीचा दाबत होते.

सहाव्या दिवशी मैदानाच्या मधोमध त्यांनी गाडी थांबवायला लावली. समोर बघत विचारलं, हिला कुणी सांगितलं? सासूबाईंचा चेहरा पडला. मी जमेल तसं, त्यांच्या भाषेतल्या माझ्या चाळीसेक शब्दांत म्हटलं, की कुणी नाही. माझे वडील शिंपी, त्यांचेही डोळे असेच.  कप्तानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग विचारलं, ते आता काय करतात? ताई, मला सांगता येईना. शब्द नव्हते असं नाही, 'बसतात' हा शब्द येत होता. तोच म्हटला. त्यांनी टोपी पुन्हा घातली आणि मला गाडी मागे घ्यायला सांगितली, चौदा वेळा.

एक जूनला सकाळी गाडी काढताना किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. बजावलं, की आत्याच्या दारापर्यंतच. मी घाट चढले. ते शेजारी बसून वळण यायच्या आधी वळण सांगत होते, तोंडपाठ. इथे पाण्याचा पाट, इथे दगड सुटतात, इथे एकदा एका प्रवाशाची कोंबडी खिडकीतून उडाली होती. सासूबाई मागे होत्या. पहिला तासभर काचेला नाक लावून बाहेर बघत होत्या. तीन वर्षांत त्यांनी रस्त्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. मग झोपल्या त्या थेट आत्याच्या दारात उठल्या, आणि मधली नदी कुणी दाखवली नाही म्हणून आम्हा तिघांना फैलावर घेतलं. आत्याने मला पाहिलं, हात दाबून पाहिले, आणि सून बरी आहे पण घामेजलेली आहे असा निकाल दिला.

परतताना कप्तानांनी किल्ली मागितली नाही. मी विचारलंही नाही. आता मी गेल्यावर काय, तर सासूबाईंनी अडुसष्टाव्या वर्षी शिकायचं ठरवलंय. कालपासून कप्तान त्यांना शिकवतात. मला पहिल्या दिवशी जे भांडण वाटलं होतं ना, ते भांडण नव्हतं. हे आहे.

वीस तारखेला निघतो. कोटांचं काय झालं? पूलवाल्याचा नमस्कार.

तुझी,
धाकटी

---

ता. १३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू निघायच्या आत हे मिळावं म्हणून घाईत लिहितेय.

तुझं पत्र अण्णांना वर जाऊन वाचून दाखवलं. पूर्ण. 'बसतात' तिथे मी अडखळले, वगळणार होते, पण वाचलं.  मग मी म्हटलं, अण्णा, त्या दिवशी कात्री ओढली ती मी चुकले. त्यांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, कापड फार चांगलं होतं गं, मलाही फार वाईट वाटलं त्याचं. एवढंच. मग आम्ही दोघंही थोडा वेळ नाक पुसत बसलो.

मी लगेच संधी साधली. सांगितलं की बँडच्या कोटांच्या कॉलरी काही केल्या उभ्या राहत नाहीत, खाली येऊन शिकवा. नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. काल सकाळी दुकान उघडते तो जिन्यावर पावलं वाजली. मी धावले नाही. मशीनवर मान खाली घालून बसले, आणि एक टीपही धड मारली नाही.

ते आले, खुर्ची चाचपली, बसले, आणि आण म्हणाले. मी बाराही कोट ओळीने मांडीवर दिले. प्रत्येक कॉलरीवरून अंगठा फिरवायचे, कडेने, मागून, मग टोकाला चिमूट घ्यायचे. सात बाजूला ठेवले, बरे आहेत म्हणाले. पाच माझ्या अंगावर टाकले: उसव.

त्या पाचांतली एक कॉलर मी शिवलेली नाही. तू जाण्याआधी कधीतरी शिवलेली एक सुटी उभी कॉलर खणात सापडली होती, जिच्यावर बघून मी बाकीच्या केल्या आणि शेवटी जी एका कोटाला लावून टाकली, ती. मी अण्णांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग तिलाही सांग, ये लवकर, तुझंही चुकतंय.

तेव्हा ये. दोघींची शिकवणी रोज नऊला आहे, उशीर खपवून घेत नाहीत.

आशीर्वाद अण्णांचे, वाट बघणं माझं.

तुझी,
ताई