सूनबाई नापास झाल्याची हकीकत

देवास, फाल्गुन वद्य पंचमी, शके १८३०

राजमान्य राजश्री दत्तोपंत व्याही, मुक्काम धार, यांस मुलीच्या बापाला शोभेल इतकी मान खाली घालून कृष्णाजीचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. आपला दमा, विहीणबाईंचे गुडघे आणि त्यांचा करारी स्वभाव कसे आहेत ते कळवावे. (पत्र मोडीत नसून बाळबोधीत, तेही टपोऱ्या अक्षरांत, हे पाहून आपल्या भुवया वर चढतील. त्यांना तिथेच थोडा वेळ बसू द्यावे, खुलासा शेवटी आहे.)

आपले पत्र पावले. इंदू पास होत राहील तोवर माहेरी शिकेल आणि नापास होताच सासरी येईल, असे लग्नात ठरले होते. ती नापास झाली, सबब चैत्रात धाडून द्यावी, एवढाच मजकूर. दहा वर्षांच्या पोरीच्या शाळेचा निकाल दोन ओळींत लावलात, खरोखर दरबारात बसायला हवे होते आपण. पण आरोपीची बाजू ऐकून मग शिक्षा करण्याची रीत धारेत अजून असेल, अशा समजुतीने लिहितो.

देवासात दोन पाती, दोन दरबार, हे आपण जाणताच. आमच्या ओट्यासमोरचा रस्ता अर्धा या पातीचा, अर्धा त्या पातीचा. पलीकडच्या शाळेत अजून पोरे 'क कमळातला' म्हणून छपराची कौले हलवतात. आमच्या पातीने मात्र जयसिंगराव नावाचे नवे तपासनीस आणले. त्यांचे म्हणणे, अक्षराचे नाव नको, कमळ नको, नुसता आवाज शिकवा. आवाजाला आवाज जोडला की शब्द आपोआप वाचता येतो. झाले! कन्याशाळेच्या तात्या मास्तरांनी सगळ्या मुलींना आवाज काढायला लावले. आमची इंदू पाट मांडताना स्स्स्, तुळशीला पाणी घालताना म्म्म्. दूधवाली एके दिवशी चरवी खाली ठेवून म्हणाली, "भिया, छोरी के कंई व्हईग्यो? झाड़-फूँक करई दो!" (मी अंगारा-धुपारा करणारही होतो. पण महिन्याभरात पोर वाण्याच्या पुडीचा कागद घडाघडा वाचू लागली, तेव्हा गप्प बसलो.)

मग परीक्षा. पाठांतराची लबाडी चालू नये म्हणून साहेब पुस्तक बंद ठेवून फळ्यावर मनाला येईल तो शब्द लिहीत. पहिली मालन. तिला 'घागर' दाखवली, ती म्हणाली कमळ. 'रताळे' दाखवले, तरी कमळच, आणि तेही वेशीबाहेर ऐकू जाईल असे. साहेबांनी शेरा दिला, 'आवाज स्पष्ट', आणि मालन पास! नव्या पद्धतीत आवाजालाच गुण, त्याला कोण काय करणार?

नंतर आमची. घागर, रताळे, पायरी, सगळे तिने न अडखळता वाचले. शेवटी साहेबांनी लिहिले, ………. सोपा, तीन अक्षरांचा शब्द. इंदूने तो पाहिला मात्र, कानापर्यंत लाल झाली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. वर्गातल्या मुली खुदूखुदू हसू लागल्या. साहेबांनी पहिला आवाज स्वतः काढून दाखवला. हिने कानांत बोटे घातली. तात्यांनी भीत भीत साहेबांच्या कानाशी लागून सांगितले, की ………. हे तिच्या यजमानांचे नाव, ती घेणार नाही. साहेब म्हणाले, "ध्वनीला नवरा नसतो." आणि शेरा मारला, 'आवाज निघत नाही. वाचता येत नाही.' (मी मागे पालकांत बसलो होतो. उठून बोलणारही होतो, पण त्याच दरबाराची कारकुनी करतो, म्हणून उठून पुन्हा बसलो.)

दुसऱ्या दिवशी तात्यांनी हातापाया पडून फेरपरीक्षा मागितली. हिने आईला विचारून उपाय काढला होता. तोच शब्द पुढे येताच पोरीने पाटीखडूचा उखाणा रचून दोन ओळींत सुरेख नाव घेतले. शेरा पडला, 'शब्द एक दिला असता मुलगी दोन ओळी म्हणते. सर्व पाठांतर.' अशी आपली सून एकाच शब्दावर दोनदा नापास झाली, एकदा गप्प राहून आणि एकदा बोलून.

आता मला सांगा, जिला वाचता येत नाही ती नेमकी त्याच शब्दाला कशी लाजली? आणि लाजायला शिकवले कोणी? गेल्या दिवाळीत ती धारेस आली, तेव्हा नवऱ्याचे नाव तोंडातून गेले तर जीभ झडेल, हे विहीणबाईंनीच तिच्याकडून घोकून घेतले. मुलीने धारेचा धडा पाळला आणि देवासचा गमावला. तेव्हा नक्की कोणती शाळा नापास झाली, ते आपणच ठरवावे. थट्टा बाजूला ठेवतो, दत्तोपंत. त्या दिवशी पोर जेवली नाही.

आपला कृपाभिलाषी,
कृष्णाजी

ता. क. — एवढे लांबण लावले ते एवढ्यासाठी, की चैत्रात नेऊ नये. आणखी दोन वर्षे तिला शिकू द्यावे.

दुसरा ता. क. — खुलासा राहिला. ओट्यावरून पडून माझा उजवा हात गळ्यात आहे. मी सांगतो आणि लेखणी चालते ती त्याच नापास मुलीची. वर दोन ठिकाणी ठिपके दिसतील. तिथे मी आपल्या चिरंजीवांचे नाव चांगले मोठ्याने सांगितले होते. तिने मान डोलावली, बोरू बुडवला आणि ठिपके काढले. ते आपल्या हाताने भरून घ्यावेत.

तिसरा ता. क. — सासूबाईंस इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. बाबा आत गेले आहेत म्हणून लिहिते. मला शाळा सोडायची नाही. बाबांनी तुमच्याविषयी आणखी पुष्कळ सांगितले होते, ते मी गाळले आहे. मामंजींचे उत्तर आले, की ते लिहायचे की नाही ते ठरवीन.