यांचा आवाज मोठा करताना

३ मार्च
लिही गं भिंगरी, मी सांगते तस्संच. माझं बोलणं शुद्ध करायला जाऊ नकोस!

दुखण्यात यांच्या गळ्याची नस लुळी पडली. आवाज म्हणजे नुसती फुंकर. दिवसभर मला एकच काहीतरी विचारतात. पाणी देते – मान हलवतात. उशी सारखी करते – नाही. खिडकी उघडते – नाही! उभा जन्म यांचं न बोललेलं ओळखत आले, आणि आता बोललेलं कळेना.

ही माझी नात म्हणते, "आजी, मी ॲम्प्लिफायर बनवते, आजोबांचा आवाज मोठा करायला." बनव बाई. तुझ्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

५ मार्च
जेवणाच्या टेबलावर तारांचं जंजाळ. त्यात तीन पायांचा काळा किडा – फेट म्हणतात त्याला, आवाज मोठा तो करणार. माइक यांच्या ओठांशी धरला. हे बोलले. स्पीकरची डबी ठार मुकी!

"गेटवर व्होल्टेज कमी पडलं गं. कट-ऑफमध्ये आहे तो." म्हणजे दारवान झोपलाय. मग उठव की मेल्याला!

६ मार्च
उठवला. तर आता दार सताड उघडं, आणि आवाज चेपलेला, फाटका – पत्र्यावर खडे पडावेत तसा. "ट्रायोडमध्ये गेला," म्हणे. गप्प राहिला तर मुका, जोर केला तर तोंडाळ. आम्हा सुनांचंच नशीब घेऊन आलाय!

यांनी माझा हात धरून परत तेच विचारलं. मी "हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं, देव जाणे.

७ मार्च
काही नाही. बसून राहिले.

९ मार्च
फेट जळला. त्याच नंबरचा दुसरा आणला, तर पहिल्याचं माप याला लागू पडेना. सख्ख्या बहिणी तरी कुठं सारख्या असतात? भिंगरी इवलासा स्क्रू फिरवतेय, मीटर बघतेय. "मधोमध बसायला हवा, आजी. सॅच्युरेशनमध्ये. मग आवाज आहे तसाच येतो, फक्त मोठा."

तोवर यांचा डोळा लागला. उठवायला जीव होईना.

१० मार्च
बसला एकदाचा मधोमध! फुंकरच, पण अक्षर न् अक्षर वेगळं.

"बाई, तुम्ही फार करता माझं. पण माझी बायको कुठे गेलीय, तेवढं सांगाल का?"

भिंगरीचा हात बटणाकडे गेला. राहू दे, म्हटलं.

आणि यांना म्हटलं – येईल हो. येतच असेल.