गंजीतली मोटार

बुधवार, २४ नोव्हेंबर १९७१
रतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई सीतारामराव पिंपरीला कारखान्यात, त्यांना रजा नाही. तिला सोडून लगेच परत गेले. जाताना म्हणाले, आता सगळं तुमच्यावर. म्हटलं, निर्धास्त राहा. घोरावाडी स्टेशनावर मी एकतीस वर्षं बुकिंग क्लार्क होतो, माझ्या कारकिर्दीत एकही अपघात नाही. (तिथं फारशा गाड्याच थांबत नाहीत, पण मुद्दा तो नाही.)

शुक्रवार, २६ नोव्हेंबर
लोणावळ्याला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मूल पायाळू आहे. डोकं वर, पाय खाली. घरी बाळंतपण अजिबात करायचं नाही, कळा सुरू झाल्या की तासाभरात पोरीला इथं आणा, असं त्यांनी दोनदा बजावलं. तारीख २२ डिसेंबर.
परत येताना बसमध्ये आमच्या हिनं पोरीचा हात सोडला नाही. रतन खिडकीबाहेर बघत होती. पण आपल्याकडे मोटार आहे. अख्ख्या कार्ल्यात दुसऱ्या कोणाकडे आहे?

शनिवार, २७ नोव्हेंबर
मोटारीची नोंद. एका पारशी शेटजींच्या बंगल्यातून दोन वर्षांपूर्वी घेतली. पुढून हँडल मारलं की सुरू होते, बहुतेक वेळा. रिव्हर्स पडत नाही, पण आपल्याला पुढंच जायचं आहे. लोणावळा सात मैल, वीस मिनिटं.
शेजारचा कोंडाजी (स्टेशनातल्या नोकरीमुळे गाव मला मास्तर म्हणतं) म्हणाला, मास्तर, माझी बैलगाडी हाय की, फाट्यापातुर सोडतो, तितनं एस्टी धरा. हसू आलं. १९७१ साल चालू आहे.
संकल्प : रोज सकाळी सहाला मोटार सुरू करून बघणे.

रविवार, २८ नोव्हेंबर
मोटार सुरू केली नाही. रविवार.

मंगळवार, ३० नोव्हेंबर
मोटार सुरू केली नाही. थंडी फार. थंडीत इंजिनला उगाच त्रास देऊ नये असं वाचल्यासारखं वाटतं.
आणीबाणीचा साठा मात्र पूर्ण : मेणबत्त्या दोन डझन, काडेपेट्या एक पुडा, टॉर्च, आयोडीन, कापूस, दोर, आणि सुकं अन्न म्हणून लोणावळ्याची चिक्की चार पौंड. हिनं विचारलं, पोरीच्या कळा सुरू झाल्यावर चिक्की कोण खाणार? बायकांना नियोजनातलं कळत नाही.

गुरुवार, २ डिसेंबर
ड्रिल घेतली. पहिली शिट्टी : हिनं बोचकं घेऊन दारात येणे. दुसरी शिट्टी : रतनने मोटारीत बसणे. शिट्टी गार्डाची, खरी, निरोपसमारंभात मिळालेली. ही आलीच नाही, भाकऱ्या टाकत होती. रतन म्हणाली, आबा, मला उठबस होत न्हाई. तिच्या जागी तांदळाचं पोतं बसवलं. वेळ अकरा मिनिटं. पोतं उचलायला वेळ गेला, माणूस आपल्या पायानं येतो. म्हणजे खरी वेळ चार मिनिटं धरायला हरकत नाही.
चिक्की : साडेतीन पौंड. दर्जा तपासला.

शनिवार, ४ डिसेंबर
युद्ध सुरू झालं! काल संध्याकाळी विमानतळांवर हल्ला. रेडिओसमोरून हललो नाही. आता ब्लॅकआउट. खिडक्यांना काळा कागद, मोटारीच्या दिव्यांना काळा रंग. अर्धे रंगवायचे असतात असं नंतर कळलं. मी पूर्ण रंगवले. देशासाठी थोडं जास्त झालं तर झालं.

सोमवार, ६ डिसेंबर
वडगावला तहसील कचेरीत जाऊन सेवा देऊ केली. कारकुनाने एक छापील पत्रक दिलं आणि म्हणाला, तेवढा दिवा झाका म्हणजे झालं. अर्थात कार्ले विभागाची जबाबदारी माझ्यावर आली. त्यानं तसं बोलून दाखवलं नाही, गुप्ततेमुळे.
पत्रकात एक शब्द महत्त्वाचा : छद्मावरण. म्हणजे मोक्याच्या वस्तू शत्रूच्या नजरेपासून झाकणे. परत येताना आगगाडीत विचार केला. कार्ल्यात मोक्याची वस्तू कोणती? मोटार. उन्हात टप चकाकतो. वरून स्वच्छ दिसत असणार.

मंगळवार, ७ डिसेंबर
दुपारी विमानाचा आवाज. आपलंच असावं, पण खात्री काय?
उपाय सुचला. सध्या भातझोडणीचे दिवस. गावात जिथं तिथं पेंढ्याच्या गंज्या उभ्या आहेत. त्यात आणखी एक गंजी उभी राहिली तर कुठल्या वैमानिकाला कळणार? मोटार खळ्यात आहे, भोवती पेंढा रचायचा. बाहेरून गंजी, आतून रुग्णवाहिका. हिला सांगितलं. ही कपाळाला हात लावून म्हणाली, अवो, पोर जल्मायची हाय, लडाई आपल्या दारात न्हाई.
पण एकट्याने गंजी कशी रचणार? इर्जिक घालायची ठरवली. सगळ्या गावानं कामाला यायचं, आपण जेवण घालायचं. काम एका दिवसात.

गुरुवार, ९ डिसेंबर
इर्जिक फत्ते! चौदा माणसं आली. त्याआधी सुरक्षिततेचे दोन निर्णय : पेंढ्यात पेट्रोल धोक्याचं, म्हणून टाकीतलं सगळं पेट्रोल रबरी नळीने ओढून दोन डब्यांत भरलं आणि परसात पुरलं. (ओढताना घोटभर पोटात गेलं. दिवसभर ढेकरा.) बॅटरी काढून परसातल्या खोपटात ठेवली.
कोंडाजी, बारकू, शिदू यांनी गंजी रचायला घेतली आणि हात थांबेना. इर्जिकीत कमी काम केलं तर जेवणाला तोंड कसं दाखवायचं, असं या लोकांचं असतं. पेंढा संपला तर कोंडाजीनं आपला आणला. मग इतरांनीही आणला. जागा चांगली, कोरडी, म्हणाले. मध्ये कोंडाजीनं विचारलं, मास्तर, मोटार काढाया वाट ठिवायची का? म्हटलं, वाट ठेवली तर शत्रूला दिसेल. तो म्हणाला, बरं. वरून चारही बाजूंनी दोर आवळून दगड बांधले. आता वारा शिरणार नाही, पाऊस शिरणार नाही. अशी गंजी कार्ल्यात आजवर झालेली नाही, असं बारकू म्हणाला. जेवताना सगळे माझंच कौतुक करत होते. हिनं मटण छान केलं होतं, पण चेहरा छान नव्हता.
मोटार संपूर्ण सज्ज.

शनिवार, ११ डिसेंबर
गंजी बघायला मळवलीहून दोघं आले. आत काय आहे ते सांगितलं नाही. त्यांना आधीच माहीत होतं.
चिक्की : सव्वा पौंड. शेजाऱ्यांत मनोधैर्य राखण्यासाठी वाटप. शेजारी म्हणजे मुख्यतः मी.

रविवार, १२ डिसेंबर
डोंगरावरच्या वाडीतली अंबूबाई आली होती. रतनला तेल लावायला ती एक दिवसाआड येते. आजवर शंभरावर बाळंतपणं केलेली बाई. पोटावर हात ठेवून म्हणाली, बाईस तारकंपातुर न्हाई राहायचं, चार दिसांत हुईल. हे माझ्या हातचं काम न्हाई, आधीच दवाखान्याजवळ जाऊन ऱ्हावा. ही लगेच म्हणाली, उद्या लोणावळ्याला माझ्या भणीकडं जातो. मी समजावलं : तारीख डॉक्टरीणबाईंनी दिली आहे, छापील कागदावर. शिवाय मोटार आहे. रतननं विचारलं, आबा, ती कशी काढणार? म्हटलं, दहा मिनिटं.
रतननं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लहानपणी झोपाळ्याचा दोर मी बांधला की ती अशीच बघायची.

सोमवार, १३ डिसेंबर
रात्री झोप नीट नाही. दहा मिनिटं थोडी कमी सांगितली असावी. वीस धरू. उद्या सकाळी गंजीला एक छोटी वाट पाडायचा संकल्प. नाश्त्यानंतर.

मंगळवार, १४ डिसेंबर
(आजच्या नोंदी खिशातल्या चिठोऱ्यांवरून उतरवल्या.)
सकाळी ९.३५. कळा सुरू. पहिली शिट्टी मारली. दुसरी मारली. ही बाहेर येऊन म्हणाली, शिट्ट्या पुरं, मोटार काढा.
९.४२. माणसं गोळा करायला धावलो. सगळी झोडणीवर. बारकू म्हणाला, येतो की, जेवान हाय का?
९.५०. पेंढा ओढायचं दाताळं घेऊन एकट्यानं सुरुवात. दोर सुटेना. कोंडाजीनं गाठ इतकी पक्की मारली आहे की कापावाच लागला.
९.५८. वरून उपसत बसलो तर संध्याकाळ होईल. निर्णय : बाजूने बोगदा. खंडाळ्याच्या घाटात पाडलेच ना?
१०.०५. आत शिरलो. पेंढा नाकातोंडात. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज. कोंडाजी मदतीला आला असावा. आतून ओरडून सूचना दिल्या : दोघे डावीकडे, एक उजवीकडे. उत्तर नाही. रतन कण्हल्यासारखं वाटलं, मग आवाज लांब गेला.
१०.४०. बंपर लागला! मागचा. बोगदा मागच्या बाजूने पडला. हरकत नाही, टाकीचं तोंड मागेच आहे.
१०.५५. परसातून डबे उकरून आणले. नरसाळं सापडेना. तसंच ओतलं. थोडं टाकीत, बाकीचं हातांवर, सदऱ्यावर, धोतरावर.
११.१०. खोपटातून बॅटरी आणली. मग लक्षात आलं की बॅटरीची जागा पुढे आहे. हँडलही पुढे. पुढे सगळी गंजी. आणि मागे मोटार जात नाही.
११.१५. बाहेर आलो. अंगणात कोणी नाही. घराला कडी. रतनचं बोचकं नाही. पायरीवर अंबूबाई बसली होती. म्हणाली, गेली की त्येन्ला लय येळ झाला. कोंडाजीच्या गाडीतनं फाट्यावर. तुमास्नी हाका मारल्या, तुमी आतनं म्हनला डावीकडं व्हा, डावीकडं व्हा.
पायरीवर बसलो. भीती वाटली. इतके दिवस लिहीत होतो त्यातलं काहीच खरं नव्हतं, भीती तेवढी खरी होती. एक पायाळू मूल, एक पोर, सात मैल, आणि मी गंजीत. अंबूबाईनं पाणी दिलं, म्हणाली, जावा आता. उगा बसू नगा.

दुपारी १.२०
फाट्यावर तास उभा. पहिली बस भरलेली, दुसरीत घेतलं. कंडक्टर म्हणाला, बाबा, रॉकेलचा वास येतोय, दाराशी उभं राहा. पेट्रोल आहे, असं सांगितलं. त्यानं आणखी लांब उभं केलं. लोणावळ्यापर्यंत देवाचं नाव घेतलं. किती वर्षांनी, आठवत नाही.

दुपारी २.००, दवाखाना
दारात कोंडाजी चहा पीत उभा. मला बघून म्हणाला, मास्तर, नातू झाला. बारा वाजून दहा मिन्टांनी. पायानं आला, पन दोघंबी ब्येस हायती.
भिंतीला टेकून उभा राहिलो. रडू आलं. कोंडाजीनं हातातला कप माझ्यापुढे धरला, मग वास आला म्हणून जरा मागं सरला, पण कप दिला.
त्यानं सगळं सांगितलं. गाडी फाट्यावर सोडली, बैल टपरीवाल्याच्या ताब्यात दिले. लोणावळ्याची बस उभीच होती. कंडक्टरने पोरीचा चेहरा बघितला आणि बस वाटेत न थांबवता थेट दवाखान्याच्या दारात आणली. अख्खी बस, उतारूंसकट. १०.३५ ला पोचले.
म्हणजे तासाभरात. योजनेचा मूळ हेतू तंतोतंत साध्य झाला, असं इथं लिहिणार होतो. लिहून खोडलं.

२.३०
रतनला बघितलं. चेहरा पांढरा, पण हसत होती. म्हणाली, आबा, तुमी कुटं व्हता?
म्हटलं, गंजीत.
ती हसली, मग टाके दुखले म्हणून थांबली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलो, तर ही म्हणाली, हात नगा लावू, बाळाला वास जाईल. मोरीवर जाऊन धुवून या.

३.००
हात साबणानं धुतले. दवाखान्याचा लाल साबण. परत आलो. हिनं हुंगून नाही म्हटलं. कोंडाजीनं बाळ घेतलं होतं. अर्धा तास तो घेऊन बसला होता, आणि कसं धरायचं ते मला समजावून सांगत होता.

४.१५
राखेनं धुतले. हिची बहीण आली, तिनं घेतलं. रतनला आणणाऱ्या बसचा कंडक्टर ड्युटी संपवून बघायला आला, त्यालाही दिलं. दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं, हे कोण? ही म्हणाली, बाळाचे आजोबा, मोटारवाले.

५.४०
माती लावून धुतले. सदरा काढून, हिच्या बहिणीनं आणलेला साडूचा घातला. खाटेपासून चार हातांवर स्टूल मिळालं. तिथून बाळाचा एक पाय दिसतो. छोटा, लालसर. तो हलतो.

६.३०
हात चौथ्यांदा धुतले. हिनं जवळ घेऊन हुंगले. अजून नाही, म्हणाली.